एक नेला, एक ठेवली

आमच्या सुवार्ता आंटींच्या घरात दोघांनी मिळून एक काम करायचं नाही. एकट्यानं करा, नाहीतर तिघांनी. मेथी निवडायला मी आणि त्या बसलो, की त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारतात. कुणीच नसलं तर मांजराला ओढून आणतात आणि त्याच्यापुढे एक जुडी ठेवतात. "तिसरं असलं म्हणजे वचन लागू होत नाही." मांजर बिचारं मेथीकडे बघत बसतं.

मी किनवटकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले. शरणपूर भागात आंटींनी मला मागची खोली दिली. जात नाही, पात नाही, फक्त "झोपेत बोलतेस का?" एवढंच विचारलं. त्या उपकारापुढे मांजराशेजारी बसून मेथी निवडणं म्हणजे काहीच नाही. भीती मात्र वाटायची.

भीती त्या वचनाची. शेवटच्या दिवशी दोघी एका जात्यावर दळत असतील. एक नेली जाईल, एक ठेवली जाईल, असं बायबलात प्रभूनं सांगितलंय म्हणे. आंटींच्या गच्चीवर ते घडून गेलं होतं. त्या आणि त्यांचे यजमान शांतवन अंकल धुतलेली चादर पिळत होते. एक टोक यांच्या हातात, एक त्यांच्या. आंटींनी पीळ दिला, पण पलीकडून पीळ आलाच नाही. "चादर नुसतीच फिरायला लागली गं," त्या सांगतात. अंकल कठड्याला टेकून बसले होते. बसलेलेच गेले.

तेव्हापासून आंटींना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. नेलेला बरा, की ठेवलेला?

तीन ठिकाणी विचारून झालं. मी सोबतीला होते. मांडवातल्या सभेचे ब्रदर समोर असूनही माइकवरूनच बोलले, "नेलेला प्रभूकडे, मेघांवर! मागे राहिला त्याचं काही खरं नाही!" जुन्या दगडी चर्चचे पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "सुवार्ताबाई, आधीच्या ओळी वाचा. नोहाच्या वेळी पुरानं कुणाला नेलं? पाप्यांना. राहिला तो वाचला." कॅथलिक फादर म्हणाले, "बाई, कोण कुठे गेलं हे शोधू नका. वेळ कळत नाही, तयार राहा, एवढाच त्याचा अर्थ." बाहेर येऊन आंटी मला म्हणाल्या, "तयारच आहे की मी. जायचंय की थांबायचंय, एवढं तरी सांगा म्हणावं!"

पंचाईत अशी की ब्रदरचं खरं धरलं तर अंकल तरले आणि आंटी राहून गेल्या. पाळकसाहेबांचं धरलं तर आंटी वाचल्या आणि अंकल... हे वाक्य त्या कधी पुरं करायच्या नाहीत. शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, असंही बायबलात आहे म्हणे. लग्नसराईत लांबून बँडचा कर्णा वाजला, की हातातला डाव तसाच धरून उभ्या राहायच्या. डावातून आमटी ठिबकायची. मग गाणं ओळखू यायचं. "नवरदेव आहे," म्हणायच्या आणि वाढायला लागायच्या.

मागच्या थंडीत, एका संध्याकाळी, मी दूध तापत ठेवलं आणि गच्चीवरचे कपडे आठवले म्हणून अनवाणीच पळाले. ओढणी कडीला अडकून खाली पडली, ती उचललीही नाही. वरून खाली आले तर घर गप्प. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, पण बटण कुणीतरी बंद केलेलं. आंटी बाजारातून आल्या होत्या. चपला पायातच, पिशवी मांडीवर, आणि नजर जमिनीवरच्या ओढणीवर.

"गेली," त्या हळूच म्हणाल्या. "वचन न वाचता गेली पोरगी. मी आपली इथंच."

"आंटी, मी आहे."

त्यांनी एका बोटानं माझा हात दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"गरम आहे," म्हणाल्या. मग, "अर्धा लिटर दूध घालवलंस!"

मी ओटा पुसायला घेतला. त्या मागून म्हणाल्या, "पण मला कळलं गं. तू दिसली नाहीस, तेव्हा तू बऱ्या जागीच गेली असशील, हेच मनात आलं. दुसरं काही आलंच नाही. म्हणजे नेलेला बरा."

"मग ब्रदरचं खरं?"

"त्या माइकचं काही खरं नाही. अर्थ तेवढा त्यांचा खरा."

"पण आंटी, मग तुम्ही मागे राहिलेल्यांत."

"राहू दे की. हे कायम पुढेच निघायचे. फाटकात उभं राहून ओरडायचे, सुवार्ते, आटप! मागचे दिवे, गॅस, कड्या, सगळं मीच बघायची. कुणीतरी मागे लागतंच."

त्या उठल्या, मागच्या दाराची कडी लावली, खिडकी ओढून घेतली. बाहेर अंधारून आलं होतं. अंगणातला दिवा लावता लावता त्या एकदम फाटकाकडे वळल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"आले, आले. ओरडू नका."

मी वाकून पाहिलं. फाटकात कुणी नव्हतं.