बारसं आणि सत्तावीस रकाने

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी हुसेनसागरात फेका आणि उरलेला जन्म मला खिमटावर ठेवा.

हैदराबादेत, कुकटपल्लीला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मंदारची मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि तिला नाव नव्हतं. चार दात आले होते, नाव नव्हतं. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी. बारसं तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. हॉलवाला तर मंदारचा फोन आला की आधी हसून घ्यायचा आणि मग विचारायचा, "साब, अबकी पक्का है ना?"

मंदार पुण्याचा, नोकरीसाठी इकडे आलेला, कंप्युटरवाला. चूक करायची नाही, आणि चूक व्हायला नको म्हणून काहीच करायचं नाही, असा त्याचा खाक्या. नावांची यादी अकराशे चाळीसवर पोचली होती. एक नाव गोड, पण शाळेत चिडवायला सोपं. एक भारदस्त, पण आडनावाशी भांडणारं. एकाचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होत होतं, म्हणून ते गेलं. पोर रांगत रांगत लॅपटॉपपाशी आली की हा बोट वर करून म्हणायचा, "एक मिनिट." मग वीस मिनिटांनी कधीतरी तिला उचलून घ्यायचा. ती बिचारी तोवर वाट बघत बसायची. लेकरांना घड्याळ कळत नाही, हे बापांचं नशीब.

त्याची बायको केतकी अकरा महिने गप्प बसली. मग एका सकाळी डबा भरता भरता तिने सांगून टाकलं, "वाढदिवसाला बारसं. तोपर्यंत नाव तरी आण, नाहीतर तुझं डोकं तपासणारं माणूस तरी गाठ. दोन्ही नसलं तर मी हिला घेऊन नाशिकला जाते. बाबा त्यांच्या आईचं नाव ठेवायला टपून बसलेत. गोदावरी."

गोदावरीला मंदारने आधीच शंभरात अठ्ठावीस मार्क दिले होते. त्याने विचार केला, नाव एकदा चिकटलं की जन्माचं, थेरपिस्ट काय, बदलता येतो. म्हणजे थेरपिस्ट शोधणं सोपं. आणि अकलेच्या या कांद्याने थेरपिस्टांची यादी करायला घेतली. सत्तावीस रकाने पाडले. पहिलाच रकाना भाषेचा, कारण डॉक्टरांपुढे रडावं लागतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि याला इंग्रजीत रडता येत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांकडे भिंतीवरचं सर्टिफिकेट बोटभर तिरकं होतं. मंदारने उठून ते सरळ केलं. मग शेजारचं तिरकं वाटायला लागलं. पाचही सरळ होईस्तोवर वेळ संपली. दुसऱ्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'तुम्ही आहात तसे आम्ही तुम्हाला स्वीकारतो.' मंदारला त्यांच्या दर्जाचीच शंका आली. तिसऱ्या बाईंचं सगळं उत्तम होतं. लोकांनी पाचपाच तारे दिलेले, फक्त एकाने एकच तारा दिला होता. हा त्या एक तारा देणाऱ्याला शोधत निघाला.

तो निघाला कुलदीप नावाचा गृहस्थ. त्याची तक्रार एवढीच, की बाईंच्या वेटिंग रूममधलं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. मंदारला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. दोघे इराण्याकडे तीन तास बसले, सहा चहा प्याले, आणि उठले तेव्हा रकाने एकेचाळीस झाले होते. आजारी माणसाने आजारी माणसाला औषध विचारावं, तसली गत.

वाढदिवस चार दिवसांवर आला, तरी थेरपिस्ट नाही आणि नावही नाही. केतकीने माळ्यावरून सूटकेस काढली आणि दारातच ठेवली, येताजाता ठेच लागेल अशी.

तळमजल्यावर सावित्रीबाई राहायच्या. चिक्कडपल्लीत जन्मलेल्या, चार पिढ्या हैदराबादी. त्या पोरीला खेळवायला वर आल्या आणि सूटकेसला ठेचकाळल्या. केतकीने त्यांना सगळं सांगितलं. सावित्रीबाईंनी पायाचा अंगठा चोळत तिथूनच एका मैत्रिणीला फोन लावला आणि मंदारला हुकूम सोडला, की कोठी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या वर भाग्यलक्ष्मी डॉक्टर बसते, माझ्या शाळेतली आहे, वाढदिवसाच्या सकाळी अकराची वेळ घेतलीय.

"पण काकू, त्या माझ्या यादीत नाहीत."

"हौ. म्हणूनच पाठवायले."

त्या सकाळी केतकीला हॉल सजवायचा होता. तिने पोरीला मंदारच्या कडेवर दिलं आणि सांगितलं, येताना दोघंही या, आणि काहीतरी ठरवून या.

भाग्यलक्ष्मीबाईंच्या दवाखान्यात तीन खुर्च्या तीन जातींच्या. पाटीचा रंग उडालेला. बाई चहात उस्मानिया बिस्कीट बुडवत होत्या, अर्धं तुटून आत पडलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. मंदार दारातूनच परत फिरला असता, पण डोळ्यांपुढे गोदावरी उभी राहिली. तो बसला. पोरीला खाली सोडलं, ती बाईंच्या पर्सचा पट्टा चघळायला लागली.

"बोला, काय परेशानी आहे?"

"एक मिनिट," म्हणून मंदारने पिशवीतून नऊ पानं काढली. टाईप केलेली, समासासकट. त्यातलं कुठलं पान आधी वाचावं हे ठरेना. पुन्हा एक मिनिट. पान दोनवर एक चूक दिसली, पेन शोधायला एक मिनिट. बाई ऐकत होत्या आणि मधूनमधून पुड्यातलं एकेक बिस्कीट काढून टेबलावर ठेवत होत्या. मंदारला वाटलं, ही काहीतरी उपचारपद्धती असणार. त्याने बोलता बोलता बिस्किटं एका ओळीत लावली. बाईंनी लावू दिली.

सात बिस्किटं झाल्यावर त्यांनी विचारलं, "लेकराचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाही. तोच तर मुद्दा आहे, पान चारवर..."

"ठेवलंय की हो तुम्ही."

त्या खाली वाकल्या. चिमणे म्हणाल्या, सोने म्हणाल्या, बाळा म्हणाल्या. पोरीचं पट्टा चघळणं चालूच. मग बाईंनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "एक मिनिट."

पोरीने पट्टा टाकला. चार दात दाखवून हसली आणि रांगत निघाली. बाईंकडे नाही, मंदारकडे. त्याच्या पायाशी येऊन दोन्ही हात वर केले.

"सात वेळा हाक मारली तुम्ही," बाईंनी बिस्किटांकडे बोट दाखवलं. "सातही वेळा तिने मान वर केली. तुम्ही एकदाही पाहिलं नाही."

मंदारने पोरीला उचललं. तेव्हाच उचललं, वीस मिनिटांनी नाही. आणि मग तो मराठीत नीट रडला. बाईंनी रुमाल दिला, तो चुरगळलेला होता, तरी त्याने नाक पुसलं. नऊ पानं टेबलावरच राहिली. पुढे बाईंनी त्यांवर बिस्किटांचे तुकडे ठेवून खिडकीतल्या चिमण्यांना घातले म्हणतात.

संध्याकाळी हॉलवर झालर एका बाजूला लोंबत होती. मंदारने ती पाहिली, हात मागे बांधले आणि पुण्याहून आलेल्या ऋचाला, म्हणजे आपल्या बहिणीला, सांगितलं, की आत्याचा मान तुझा, तुला सुचेल ते ठेव, मला आधी सांगू नकोस. केतकीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ऋचा पाळण्यावर वाकली. पाठीत बुक्के पडायच्या आधीच तिने कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. जुई.

अकराशे चाळीस नावांत हे एक नव्हतं.

मंदारचं बोट आपोआप वर गेलं. तोंड उघडलं. "एक मि..." इतकंच निघालं, कारण केतकी बघत होती. त्याने उरलेलं गिळलं. पण पाळण्यात तेवढं पुरलं होतं. जुईबाईंचा एक पाय काठावर आला होता आणि दोन्ही हात वर. मंदार धावला. धावताना झालरीत अडकला, ती उरलेल्या बाजूनेही खाली आली, आणि त्या दिवसाचे सगळे फोटो तसेच आहेत.

सूटकेस पुन्हा माळ्यावर गेली. कुलदीप अजून थेरपिस्ट शोधतोय.

हे सगळं खरं. एकच गोष्ट पदरची घातली, ती कबूल करते. कवळी. मला कवळी नाही, दात सगळे माझेच आहेत, अजून सुपारी फोडते.