इंगळेबाई आणि अमेरिकेचा नाच

वरातीत नाचणाऱ्याचा कान धरायला इंगळेबाईंना नवरदेवाची ओळख लागत नाही. आमच्या गल्लीत डीजे शिरला की बाई चष्मा लावतात, पदर खोचतात आणि थेट गर्दीत घुसतात. "काऊन बे, लाज हाय का? पाय खाली!" चांगले मिशीवाले बाप्ये मुकाट्यानं पाय खाली घेतात, कारण अर्ध्या बुलढाण्याला बाईंनीच बाराखडी शिकवली आहे. एकदा तर खुद्द नवरदेव घोड्यावर बसून खांदे उडवत होता. बाईंनी घोडा थांबवला. "तुहंच लग्न हाय ना? मंग चूप बस." पोरगा अक्षता पडेपर्यंत हलला नाही. लग्नाच्या फोटोत तो अजून तसाच घाबरलेला दिसतो.

मी त्यांच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो, वर शेजारी. म्हणजे रिटायर होऊनही माझी सुटका नाही! बाई मुख्याध्यापिका होत्या तोवर शाळेत नाच बंद. मोठा साहेब तपासणीला आला की बाकीच्या शाळा पोरींना नऊवारी नेसवून स्वागतनृत्य करवायच्या. आमच्या पोरी रांगेत उभ्या राहून एकोणतीसचा पाढा म्हणायच्या. "पाहुण्यापुढं पोरी नाचवाच्या नाहीत," हा बाईंचा कायदा. एका साहेबानं कौतुकानं मान डोलावली, तर बाईंनी त्यालाच पुढचा पाढा विचारला. तो साहेब पुन्हा आमच्या शाळेकडे फिरकला नाही.

आता अशा बाईंच्या घरी भाची यावी ती नेमकी नाचणारी! पल्लवी त्यांच्या भावाची मुलगी. जळगाव जामोदहून इथे कॉलेजला आली, आत्याकडे राहते. आत्या बाजारात गेली की आमच्या गच्चीवर येऊन नाचते.

त्यातच अमेरिकेतली एक नावाजलेली नृत्यकंपनी, सगळे कृष्णवर्णीय कलावंत, नागपूरहून मुंबईला जाताना लोणारचं सरोवर पाहायला थांबली. आमच्या बुलढाण्यातल्या उत्साही मंडळींनी गळ घातली आणि नाट्यगृहात प्रयोग ठरला. कंपनीनं कॉलेजात शिबिर घेतलं आणि शेवटच्या नाचात आपल्याबरोबर इथल्या काही मुली घ्यायचं ठरवलं. त्यात पल्लवी निवडली गेली.

बाईंनी एका शब्दात निकाल लावला, "नाही." पोरीनं जेवण सोडलं. मग मला मध्ये घालण्यात आलं. "बाई, हा तसला नाच नाही हो," मी म्हणालो. "मंग कसला हाय?" आता मला काय डोंबल माहीत! बरीच हुज्जत घातल्यावर म्हणाल्या, "मध्यंतरापर्यंत पाहीन. मंग सांगीन."

झालं. पल्लवी पोशाख घालून पडद्याआड उभी, आणि बाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

पण नाच सुरू होईल तर शपथ! आमच्या संयोजन समितीला नाचातलं एवढंच कळत होतं की एकानं आदल्या दिवशी विचारलं होतं, "गाणे हिंदी हायेत का मराठी? नाहीतर आपला डीजे सांगून ठेवू." सत्कारात मात्र समिती पक्की तयार. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, मग एकेक कलावंताला शाल आणि नारळ. ते बिचारे अंग मोकळं करून तयार झालेले, ऐन एप्रिलात शाली पांघरून उभे. अंग पुन्हा आखडू नये म्हणून दोघं जण नारळ सांभाळत जागच्या जागी उड्या मारू लागले. अध्यक्षांना वाटलं, आपलं भाषण रंगलं आहे. त्यांनी ते आणखी वाढवलं.

शेवटी एकदाचा अंधार झाला. मग जे दिसलं ते मला सांगता यायचं नाही. माणसं पाठीवर ओझं असल्यासारखी वाकली, तशीच लांबवर चालली आणि हळूहळू ताठ उभी राहिली. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. बाईंच्या हाताची घडी काही सुटली नव्हती.

मध्यंतर होताच बाई उठल्या. "चला सर, मले त्यायले एक गोष्ट इचाराची हाय."

आत कंपनीतली सगळ्यात वयस्कर नर्तकी पाणी पीत बसली होती. शेजारी पल्लवी, तोंड उतरलेलं. बाईंनी सरळ विचारलं, "तुमाले कोणी नाचाले लावते का?"

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण खरोखर बोलायची वेळ त्या दिवशी आली. मी घाम पुसत सांगितलं. ती आधी हसली. मग बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहून तिनं पाणी बाजूला ठेवलं.

"आमचे पणजे गुलाम. त्यांना लावायचे," ती म्हणाली. "मालकाची करमणूक म्हणून. आता काय नाचायचं आणि कोणासमोर, ते आम्ही ठरवतो."

"अन् पाहणारे?"

"तिकीट काढून येतात. अंधारात गप्प बसतात."

"गप्प बसतात," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग पल्लवीकडे वळल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"तुहा आजा, माहा बाप, पाटलाच्या घरच्या लग्नात डफड्यावर नाचे, पोरी. नाही म्हनाची सोय नव्हती. लोकं फिदीफिदी हसत, 'आनखी घूम' म्हनत. मी तोंड लपवून बसो. पन लय सुंदर नाचे वं तो. लय म्हंजे लय. मी त्याले हे कधी सांगितलंच नाही. अन् मंग तो गेला."

बाहेर घंटा झाली. पल्लवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाईंनी पदराच्या टोकानं तिचे काजळ घातलेले डोळे टिपले.

"रडू नको, काजय पसरन," त्या म्हणाल्या. "जाय. तुह्यासाठी थांबून राह्यले ते."