तात्यांचं अपेंडिक्स

तात्यांनी स्वतःचं अपेंडिक्स टाकू दिलं नव्हतं. ऑपरेशननंतर सर्जनकडून मागून आणलं, मेणाच्या ठोकळ्यात बसवलं आणि आमच्या लॅबच्या कपाटात ठेवलं. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी त्या ठोकळ्याचा पातळ काप लावलेली एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा मॅडम. हे मी."

मी खुर्चीसकट मागं सरकले.

तात्या म्हणजे हर्सूलहून सायकलवर येणारे आमचे जुने टेक्निशियन. रुग्णांच्या गाठींच्या तुकड्यांना रंग देणं हे त्यांचं काम. त्यासाठी अँटिबॉडीची बाटली असते. ती ठरावीक पेशींना चिकटते, तिथं तपकिरी रंग उमटतो आणि त्यावरून आम्ही डॉक्टर कॅन्सर ओळखतो. नवी बाटली आली की तात्या ती आधी स्वतःच्या अपेंडिक्सच्या कापावर लावून बघत. "चिकटलं म्हंजी वळखलं असं नाय," हे दिवसातून चारदा. शर्टावर चहा सांडला तरी हेच.

एकदा चितेगावच्या मंगलच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला. सुईनं काढलेला, जेमतेम, पेशी चेंगरलेल्या. तात्या रजेवर होते. नवी बाटली मीच फोडली, मीच रंग दिला. सगळं तपकिरी! बाहेर बसलेल्या तिच्या भावाला मी सांगूनही टाकलं, कॅन्सर पसरलाय.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याच बाटलीनं रंगवलेली आपली काचपट्टी माझ्यासमोर ठेवली. अपेंडिक्सचा स्नायू तपकिरी झाला होता. तिथं रंग यायलाच नको होता.

"बोला मॅडम, मला बी कॅन्सर हाय का?"

बाटली भलत्यालाच चिकटत होती. दुसऱ्या बाटलीनं केलं, तर मंगलच्या तुकड्यावर रंगाचा ठिपका नाही. मोठा तुकडा मागवला. टीबी निघाला, गोळ्यांनी बरा होणारा.

चूक माझी होती, हे मी भावाला सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "घरी लई रडारड झाली ओ मॅडम," एवढंच म्हणाला.

निवृत्तीच्या दिवशी तात्यांनी कपाटाची चावी दिली, मग खिशातून रुमालात गुंडाळलेला एक ठोकळा काढला.

"हे कुणाचं, तात्या?"

"आमच्या हिचं. तवा एकाच रंगावर कॅन्सर ठरला. गाठ दुखत बी नव्हती तिला. औषधंच सोसली नाय, त्यातच गेली."

"पुन्हा तपासलं नाही?"

"इतकी वर्षं बाटल्या हातातच होत्या. हिंमत नाय झाली." त्यांनी ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला. "तुम्ही बघा. मला मात्र सांगू नका."

तो माझ्याकडे आहे. मी अजून कापलेला नाही.