गर्भगिरी चषकाचा अस्सल इतिहास

इतिहास लिहावा तर मीच! सावेडीतली पतसंस्था असो की गावाकडची तालीम, वर्धापनदिन आला की स्मरणिकेसाठी लोक माझ्याच घराची बेल वाजवतात. तालमीत मी आयुष्यात एक जोर काढलेला नाही, तरी तिचा इतिहास वाचून पैलवान रडले होते!

त्यामुळे गर्भगिरी चषक गोल्फ स्पर्धेचे सेक्रेटरी परवेझभाई आले, तेव्हा गोल्फ कसा खेळतात वगैरे फालतू प्रश्न मी विचारले नाहीत. जिल्ह्यातल्या या व्यावसायिक स्पर्धेला यंदा पंचवीस वर्षं होत होती. विजेत्यांच्या नावांचा लाकडी फलक वाळवीने फस्त केला होता. उरले होते दरवर्षीचे कागद. त्यांत नावं अकारविल्हे आणि पुढे प्रत्येकाने मारलेल्या एकूण फटक्यांचा आकडा.

"विजेते तेवढे नीट काढा, गुरुजी. आणि छापण्याआधी मला एकदा दाखवा."

"अहो, माझं लिखाण तपासायला साहेब लोकही घाबरायचे!" मी म्हणालो, आणि न दाखवता छापून घेतलं.

विजेते काढायला कितीसा वेळ! ज्याचा आकडा मोठा, तो पहिला. पंचवीसपैकी अकरा वर्षं एकच नाव निघालं, कानिफनाथ! मी त्याला 'सगळ्यांत जास्त फटके मारणारा गर्भगिरीचा ढाण्या वाघ' केलं आणि दोन पानं बहाल केली. खुद्द परवेझभाई तरुणपणी सात वेळा सगळ्यांत कमी फटक्यांवर अडकले होते. त्यांच्याबद्दल मी मोठ्या मनाने लिहिलं, 'सात वेळा तळाला राहूनही त्यांनी जिद्द सोडली नाही. नवोदितांनी यातून धीर घ्यावा.'

उद्घाटनाच्या सकाळी परवेझभाई स्मरणिका नाचवत माझ्या अंगावर आले.

"गुरुजी! गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो!"

"आणि जास्त मारणारा?"

"शेवटचा! तुमचा वाघ अकरा वेळा शेवटचा आलाय!"

क्रिकेटमध्ये जास्त धावा, कबड्डीत जास्त गुण, परीक्षेत जास्त मार्क. जास्त राबणाऱ्याला शेवटचा नंबर देणारा हा कुठला खेळ?

"आत्ताच्या आत्ता माइकवरून चूक कबूल करा!"

मी माइक हातात घेतला आणि फाटकाशी हलगी कडाडली. दोन टेम्पो भरून राजूरची माणसं उतरत होती! खेळाडूंच्या प्रती आधीच घरपोच झाल्या होत्या, आणि कानिफनाथच्या बायकोने, ज्योतीने, माझी दोन पानं मोबाईलवरून माहेरी, राजूरला धाडली होती. सगळ्यांच्या पुढे तिचे वडील सहादेव, हातात गुलाबी फेटा.

"जावईबापू, चुकलो मी!" त्यांनी कानिफनाथला मिठीच मारली. "बारा वर्सं तुमचा उंबरा चढलो न्हाई. म्हनलं, गडी काठीनं ढेकळं फोडीत फिरतोय. तुमी तर वाघ निघालात!"

ज्योती पदराने डोळे पुसत होती. कानिफनाथने मला टेम्पोमागे ओढलं.

"गुरुजी, मी केवढा वाघ हाय ते मला ठावं हाय. पन ज्योतीचा बाप बारा वर्सांनी आलाय. पाया पडतो, गप ऱ्हावा!"

आमच्या मागोमाग आलेल्या परवेझभाईंनी हे ऐकलं. सात वेळचा खरा विजेता! त्यांनी एकदा स्मरणिकेतल्या आपल्या 'जिद्दी'कडे पाहिलं, एकदा ज्योतीकडे पाहिलं आणि माझ्या हातातला माइक बंद केला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण त्यांची नजर पाहून मी लांबच राहिलो.

खेळ सुरू झाला. फेट्याचा गुण म्हणा की हलगीचा, कानिफनाथ तीन दिवस असा खेळला की बाकीचे बघतच राहिले! तिसऱ्या दिवशी फलकावर आकडे लागले. कानिफनाथचा आकडा सगळ्यांत लहान! आयुष्यात पहिल्यांदा तो जिंकला होता!

मी टाळ्या वाजवायला हात वर केले, तर हलगी गप्प. सगळं राजूर खाली मान घालून उभं.

"कुनाची नजर लागली हो!" सहादेव डोक्याला हात लावून बसले. कानिफनाथच्या हातात चषक दिला तेव्हा मात्र ते गहिवरले. "लई मोठ्या मनाची मानसं. हरलेल्याला बी कप देत्यात!"

कानिफनाथ चषक घेऊन माझ्याकडे आला. चेहरा रडवेला.

"गुरुजी, सांगू का मामांना, मी जितलो म्हनून?"

"सांग की! पण मग ती अकरा वर्षं जातील बघ."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. एकीकडे अकरा, एकीकडे एक.

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला.

सहादेवांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नका, जावईबापू. फुडल्या वर्सी दाबून फटके मारा!"

परवेझभाई आता स्मरणिकेचं शुद्धिपत्र काढणार आहेत. राजूर सोडून सगळीकडे वाटायचं ठरलंय. मजकूर मीच लिहून देतो म्हणालो, तर त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं!