हबीबभाऊंचा हौद

हबीबभाऊंच्या बागेतल्या चारही खुर्च्या सिमेंटच्या होत्या आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या होत्या. बांधल्या डिसेंबरात, म्हणून चौघींची तोंडं उन्हाकडे. मे महिन्यात चिमूरच्या उन्हात त्यांच्यावर पापड भाजून निघाला असता. मी तसं बोलून दाखवलं, तर हबीबभाऊ शांतपणे म्हणाले, "तं मंग हिवाळ्यात बसा ना, बाई. उन्हाळ्यात कोन बसते अंगनात?"

आमची दोन घरं गावाच्या टोकाला. मध्ये कमरेएवढी भिंत, मागे नाला, नाल्यापलीकडे जंगल. मी शाळेत शिकवते. सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोडून टाकायची, हा माझा नेम. हबीबभाऊंनी उभा जन्म बोअरवेलचे पंप दुरुस्त केले होते. आता धंदा पोरावर सोपवून ते बागेत शिरले होते, आणि त्यांच्या कामाला ना यादी होती, ना शेवट. "बाजारातून काऊन आनाचं? घरचंच काम हाये!" हे वाक्य कानावर आलं की मी दोरीवरचे कपडे आत घ्यायची.

एकदा त्यांनी कपाशीवरच्या जुन्या फवारणी पंपाचं कारंजं केलं. उद्घाटनाला मला बोलावलं. कारंजं वर न जाता आडवं उडालं. मी, माझा चहा आणि बशीतली बिस्किटं, सगळे चिंब. हबीबभाऊ मात्र खूश. "प्रेशर पाहा, बाई, प्रेशर!"

त्यांनी मागच्या वाडीला लोखंडी फाटक केलं, ते फक्त बाहेरून उघडायचं. स्वतःच आत अडकून ते भर दुपारी माझ्या नावानं ओरडत होते. उरलेल्या पाइपांचे कठडे तर घरभर होते. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत. या माणसाला पाइप टाकवत नाही, एवढाच अर्थ मी काढला.

त्यांची बायको जैतूनभाभी. पूर्वी भिंतीवरून मला शेवयांची वाटी देणारी, मोठ्यानं हसणारी बाई. तिला लकवा झाला आणि ती अंगणात दिसेनाशी झाली. खिडकीतून हात हलवायची, तो डावा.

मग एका फेब्रुवारीत हबीबभाऊंनी बागेच्या मधोमध ट्रक मावेल एवढा खड्डा खणला.

"टाकी बांधून राह्यले का, भाऊ?"

"नाई. स्विमिंग पूल."

माझ्या हातातली बादली सुटली. आमच्या गावात पोहायचं म्हणजे तलावात, तेही म्हशींच्या सोबतीनं.

"तुमाले पोहता येते?"

"नाई ना. मले तं पान्याचं भेव वाटते."

मी हरकती मांडल्या. डास होतील. "गप्पी मासे सोडतो." पाणी वाया जाईल. "भाजीले देतो." साप येतील. "ते तं आताही येतात." आंब्याच्या कोयीच्या आकाराचा हौद तयार झाला. दुकानाच्या शटरचा उरलेला निळा रंग आतून लागला. पाणी छातीएवढं. आणि आत उतरायला पायऱ्याच नाहीत! एक लांब, खरबरीत उतार आणि दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा.

"पायऱ्या काऊन नाई केल्या?"

"पायऱ्या कोनीबी करते," म्हणून त्यांनी विषय संपवला.

मे महिन्यात एका पहाटे मी मोगऱ्याला पाणी घालत होते. पलीकडून पाण्याचा आवाज आला. भिंतीवरून डोकावले आणि झारी पायावर पडली.

हौदात अस्वल बसलं होतं. गळ्याएवढ्या पाण्यात, डोळे मिटून, लग्नघरात आलेल्या व्याह्यासारखं निवांत.

खिडकीतून हबीबभाऊंचा दबका आवाज आला, "बाई, हलू नका!" आणि क्षणभरानं, राहवेना म्हणून, "सीदं उतारावरून उतरलं, बाई. जराबी घसरलं नाई!"

अस्वलानं आंघोळ उरकली, अंग झाडलं, दोन सिमेंटच्या खुर्च्या भिजवल्या आणि ते नाल्याकडे निघून गेलं.

सकाळी चौकात सगळी गल्ली जमली. "आज अस्वल, उद्या वाघ येईन," किराणावाले धनराजभाऊ म्हणाले. हौद मुरूम टाकून बुजवायचा, असं ठरलं. ट्रॅक्टर सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

"फाटक लावतो, जाळी लावतो," हबीबभाऊ म्हणाले. "घरचंच काम हाये."

"तुमचं फाटक!" लोक हसले.

हबीबभाऊ हसले नाहीत. "हा एक उन्हाळा राहू द्या," एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले.

संध्याकाळी ट्रॅक्टर सांगून मी त्यांना वेळ कळवायला गेले. हौदाभोवती चारी बाजूंनी चादरी बांधल्या होत्या. हाक मारत मी एक चादर सारली.

जैतूनभाभी पाण्यात उभी होती. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. डाव्या हातानं कठडा धरून ती चालत होती. उजवा पाय पाण्यात हलका होऊन पुढे पडत होता. मागे हबीबभाऊ, छातीएवढ्या पाण्यात, घामेजलेले, डोळे घट्ट मिटून कठड्याला दोन्ही हातांनी चिकटलेले.

"घबराओ मत जी," ती त्यांना सांगत होती, "बस, थोडा और."

मला पाहून ती मोठ्यानं हसली. अगदी पूर्वीसारखी. "पाहा ना, बाई! हे मले सांबाळाले उतरते आन् मलेच ह्यायले सांबाळा लागते!"

हबीबभाऊंनी एक डोळा उघडला.

"सकाळी चौकात काऊन नाई सांगितलं, भाऊ?" मी विचारलं.

"तिच्या पायाची गोष्ट चार लोकात काऊन सांगाची, बाई? तिले आवडत नाई." मग जरा थांबून, "ट्रॅक्टर कधी येऊन राह्यला?"

धनराजभाऊंना काय सांगायचं, ते मी वाटेत ठरवणार होते. पिशवीतून पेन्सिल काढून मी तापलेल्या सिमेंटच्या खुर्चीवर बसले, चटका लागून उठले आणि उभ्यानंच लिहायला लागले.

"ट्रॅक्टर नाई येत. फाटक पाहिजे, मानसाच्या उंचीचं. चारी बाजूंनी जाळी. कडी आतून. भाऊ, आतून!"

"बाजारातून आनाची का कडी?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"काऊन?" मी म्हणाले. "घरचंच काम हाये."