बाबांच्या होडीचा निळा

बाबांची फायबरची होडी आपण चार दिवसांत नवी करून दाखवू, असं मास्तरांनी धाकट्या बहिणीला छातीठोकपणे सांगितलं. ती आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. जाण्याआधी होडीतून एकदा तळ्यावर फिरायचं, एवढंच तिचं मागणं. निळा मात्र तोच हवा, बाबांचा.

रंगवाल्याने विचारलं, "मास्तर, जुना रंग कुठला? त्यावर प्रायमर ठरतो. आधी थिनरचा बोळा घासून बघा. रंग बोळ्याला लागला तर तो साधा. त्यावर हा हार्डनरवाला प्रायमर चालायचा नाही."

"आमचे बाबा होडीला साधा रंग लावतील?" मास्तर दुखावले. 'आधी प्रश्न नीट वाचा' असं चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या मास्तरांनी भारीतला प्रायमर आणि निळा डबा उचलला. बोळा काही घासला नाही.

एक हात मारून ते चहाला गेले. परतले तर होडीवर दुधासारखी साय धरलेली. जागोजागी सुरकुत्या.

"दादा, होडी तुझ्या वयाला आली रे," बहीण म्हणाली.

दोघं खरवडायला बसली. निळा सुटला, खाली हिरवा निघाला. बहीण त्याच्याकडे बघतच राहिली. "हा तर स्वयंपाकघराच्या दाराचा."

"काहीतरीच."

हिरव्याखाली करडा. तो मास्तरांनीच ओळखला. त्या रंगाच्या कपाटाला, ओलं असताना, त्यांनी नव्या सदऱ्याची पाठ टेकली होती. करड्याखाली गुलाबी.

"माझं टेबल," बहीण हळूच म्हणाली. "मी हट्ट केला होता."

"मग आपला निळा?"

दोघांनी एकदमच घराकडे पाहिलं. न्हाणीघराच्या खिडकीवर तो अजून तग धरून होता.

बाबांनी होडीसाठी कधी रंग आणलाच नव्हता. घरात काही रंगलं की डब्यात उरलेला रंग होडीला जायचा. आणि ही दोघं मागे उभी राहून म्हणायची, बाबा, यंदा हा रंग फारच छान निवडलात. बाबाही मान डोलवायचे. आठवून दोघं इतकी हसली की बहिणीला पदराने डोळे पुसावे लागले.

मग मास्तर मुकाट्याने शिकले. पार पांढऱ्या फायबरपर्यंत खरवडलं, पॉलिशपेपर मारला, प्रायमर दिला, वर निळा. बहीण निघायच्या आदल्या दिवशी होडी तळ्यात उतरली. वल्ही मास्तरांनी मारली आणि सूचना बहिणीने दिल्या, अगदी लहानपणीसारख्या.

घरी येऊन ती न्हाणीघरात हात धुवायला गेली. आतून आवाज आला, "दादा, खिडकी उघडत का नाही?"

मास्तर चपला काढता काढता थबकले. "होडीचा निळा थोडा उरला होता," ते म्हणाले. "हार्डनर घातलेला. दोन तासांत दगड झाला असता. फुकट कशाला घालवायचा?"

"अरे, पण फटीसुद्धा बुजल्यात!"

"बुजणारच. रंगवाल्याने पाण्याखाली दहा वर्षांची हमी दिलीय."