खिडकीवर हसलेली बाई

निश शहरातल्या सरकारी रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर विदोसावा नावाची शिवणकाम करणारी बाई हसली, आणि वर "आभारी आहे" असेही म्हणाली. कारकुनाने ही बाब ताबडतोब वरिष्ठांच्या कानावर घातली.

विदोसावाचा आजार दोन टोकांचा होता. कधी उन्माद, मग महिनोन्‌महिने काळीकुट्ट उदासी. कोणतेच औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टर तिहोमिर यांनी चुंबकाने मेंदूला हलके ठोके देणारे यंत्र तिच्या डोक्याशी लावले. उपचार अर्ध्यावर आला आणि तिने शिवणयंत्रावरची धूळ पुसली. मात्र रुग्ण उदासीतून थेट उन्मादात शिरतो आहे असे दिसले, तर यंत्र बंद करायचे, असा नियम होता. नियम योग्यच होता. फक्त उन्माद कशाला म्हणायचे हे रुग्णालयाची समिती ठरवणार होती, आणि सरकारी खिडकीवर हसणारा नागरिक समितीने आजवर पाहिलेला नव्हता.

"तोंड पाड जरा," समितीच्या खोलीच्या दाराशी तिचा नवरा क्रस्ता कुजबुजला. "महागाईबद्दल बोल."

"अरे, पण मला खरंच बरं वाटतंय!"

"ते घरी वाटू दे."

अध्यक्षा स्लोबोदांकाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "झोप?"

"छान लागते, बाई."

"शेजारी कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"सगळेच?" एका सदस्याचा आवाज चिरकला.

"सगळे."

"आणि सरकार?"

"छान चाललंय की!"

डॉक्टर तिहोमिर यांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी 'उपचार थांबवावा' हा शिक्का उचलला.

भिंतीकडे तोंड करून काढलेला सगळा हिवाळा विदोसावाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तिने खोलीभर नजर फिरवली.

"खिडकी उघडी, दारही उघडं!" ती कडाडली. "आजारी माणसाला वाऱ्याच्या झोतात बसवता? माझी मान आखडली तर कोण निस्तरणार? या देशात कुणाला कुणाची पडलेलीच नाही!"

शिक्का हवेतच राहिला. अध्यक्षा उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी खिडकी लावली.

"मी तरी दुसरं काय सांगतेय इतकी वर्षं! माझ्या बहिणीची दाढ या झोतानंच गेली."

मग एका सदस्याच्या कंबरेचा विषय निघाला, दुसऱ्याच्या मेहुण्याच्या मूत्रपिंडाचा निघाला. तिथून गाडी महागाईवर आली आणि महागाईवरून सरकारवर. समितीचे चेहरे खुलले. कुणीतरी कॉफी मागवली. निर्णय एकमताने झाला: रुग्णाची मनःस्थिती सर्वसाधारण, उरलेला उपचार चालू ठेवावा.

रस्त्याचा कोपरा ओलांडेपर्यंत विदोसावाने हसू दाबून धरले.

आज सकाळपासून तुम्ही कुणाकडे पाहून विनाकारण हसला नसाल, तर निश्चिंत असा. समितीच्या मते तुमचीही प्रकृती ठणठणीत आहे.